'फास्ट' : एक शब्द, तीन अर्थ

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण येथील मुलाला 'फास्ट' हा शब्द शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असतो. फलाटावरील दर्शकावर 'एफ' अक्षर उमटले म्हणजे जलद गाडी व 'एस' उमटले म्हणजे धीमी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ठाणे सोडल्यावर 'फास्ट' बहुधा थेट डोंबिवलीस थांबते, आणि कळवा, कोपर ही स्थानके मागे पडतात. तेव्हा 'फास्ट' म्हणजे वेग, असे त्याच्या मनात पक्के बसते.

पुढे इंग्रजी पुस्तक हाती आले की हाच शब्द त्याला चकवतो. 'फास्ट' रंग म्हणजे लवकर उडणारा रंग नव्हे, तर धुतला तरी न उडणारा. 'फास्ट' झोप म्हणजे गाढ झोप. २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी आरंभिलेले उपोषण, तेही इंग्रजीत 'फास्ट'च. धावणे, न हलणे आणि न खाणे या तीन गोष्टी एका शब्दात नांदाव्यात, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते.

उलगडा मात्र सोपा आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट, स्थिर असा होता. नियम घट्ट पाळण्यावरून उपवासाचा अर्थ आला. नेटाने, जोर लावून धावण्यावरून वेगाचा अर्थ मागाहून रूढ झाला. मराठीत याला दाखला शोधावयास दूर जावयास नको. आजी एकादशी धरते, कापड रंग धरते आणि गाडी वेग धरते. 'धरणे' या एका क्रियापदाने हे तिन्ही अर्थ सहज सांभाळले आहेत. म्हणून मुलाकडून अर्थांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा शेजारचा शब्द पाहण्याची सवय त्याला लावावी. शेजारी गाडी आहे, रंग आहे की व्रत आहे, यावरून अर्थ आपोआप ठरतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी आली. अंतर २१ मैलांचे होते. पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला. त्यानंतर या गावांचे सारे जीवन वेगाच्या अर्थाभोवती फिरू लागले. पण ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल परस्परविरुद्ध दिशांनी जात असता दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले, व त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. इतक्या गर्दीत 'घट्ट धरा' हा उपदेश पुरेसा नसतो. धरावयास दांडी व उभे राहावयास जागा हवी. गाडी 'फास्ट' असावी ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु आत उभ्या असलेल्या माणसाला त्या शब्दाचा जुना अर्थही लाभला पाहिजे. कारण घरी वाट पाहणाऱ्यांना गाडीच्या वेगाहून तिच्यातला माणूस सुखरूप पोहोचणे अधिक मोलाचे असते.