‘आचाऱ्यास’ की ‘आचार्यास’? : इंटरनेटचे नियम आणि आपण



महाभारत लिहायला बसण्यापूर्वी व्यास आणि गणपती यांनी एकमेकांना अटी घातल्या. एकाने मध्येच थांबायचे नाही, दुसऱ्याने अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. दोन संगणकांनाही बोलण्याआधी असेच ठरवून घ्यावे लागते. त्या अटींना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात.

इंटरनेटच्या या अटी कोणतेही एक सरकार ठरवत नाही. हे काम मुख्यत्वे १९८६ साली सुरू झालेली ‘आयईटीएफ’ ही संस्था करते. तिथे सभासदत्व नाही, मतदान नाही. चर्चेतून साधारण सहमती व्हावी आणि नियम प्रत्यक्ष चालवून दाखवावा, एवढीच कसोटी. नियम सर्वांना फुकट वाचता येतात, मात्र ते पाळण्याची सक्ती नाही.

यात आम्हा मराठी माणसांचा काय संबंध? ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. हा अर्धा ‘र’ संगणकात लिहिण्याच्या एका पद्धतीत न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. संकेतस्थळांच्या नावांसाठी २००३ साली झालेल्या नियमांत ते चिन्ह गाळले जाई. मग ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ होई! २०१० च्या नियमांत हलन्तानंतर ते चिन्ह ठेवण्याची मुभा मिळाली. असे बारकावे भाषा जाणणाऱ्यांनीच सांगावे लागतात.

देवनागरी ईमेल पत्त्यांचे नियम २०१२ मध्ये झाले, ‘.भारत’ ही नावे २०१४ मध्ये सुरू झाली. तरी आजही कित्येक ऑनलाइन अर्ज असा पत्ता ‘चुकीचा’ म्हणून नाकारतात. नियम झाला, तरी मागणी केल्याशिवाय तो वापरात येत नाही.

हे काम आपल्यापासून दूर नाही. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ची सभा नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याच हैदराबादेत भरली होती आणि ती सर्वांना खुली होती. अंबरपेठेतून रोज हायटेक सिटीला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ‘आयईटीएफ’च्या चर्चा घरबसल्या वाचाव्यात, त्यांत बोलावे. भाषेचे बारकावे आम्ही ज्येष्ठ मंडळी पुरवू.

उर्दूत कारभार चालणाऱ्या निजामी राजवटीत आपल्या वाडवडिलांनी विवेकवर्धिनीसारखी शाळा उभारून मराठी टिकवली. आपल्या वाट्याला निदान एक अक्षर सांभाळण्याचे काम आले आहे. तेवढे आपण करू या.

गणपती बाप्पा मोरया!