गळ, तंगूस आणि फसवी मासोळी

बार्शीटाकळीला विद्रुपा नदी आहे, आणि याच तालुक्यात महान येथे काटेपूर्णेवर मोठे धरण आहे. वाशीमकडच्या डोंगरातून निघालेली काटेपूर्णा पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. अकोला शहर या धरणाचे पाणी पिते. पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पीक आणि पिण्याचा हंडा उभा राहतो. पण त्याच पाण्यावर आणखी एका माणसाची चूल पेटते. तो म्हणजे मासे धरणारा. आज त्याच्या हत्यारांविषयी, म्हणजे गळ, दोर आणि आमिष यांच्या खरेदीविषयी, चार गोष्टी सांगायच्या आहेत.

कुणी म्हणेल, कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला या उठाठेवी कशाला? त्याला एक जुना दाखला देतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, गळाची दोरी, काठी, आमिष या सगळ्यांचा त्यात विचार आहे. विसाव्या शतकात सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी त्या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दक्षिणेतल्या राजाला जो विषय लिहिण्याजोगा वाटला, तो आपल्याला बोलण्याजोगा वाटायला हरकत नसावी.

आता आपल्या पाण्यातला मासा घेऊ. अमेरिकेत बास नावाच्या माशामागे लोक वेडे असतात. तो गवतात, ओंडक्याच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि जवळून काही हलले की झडप घालतो. आपल्याकडे या स्वभावाचा मासा म्हणजे मरळ. कुळ वेगळे, पण रीत तीच. मरळ हवेतला श्वास घेते. थोड्या थोड्या वेळाने तिला पाण्यावर यावेच लागते. जाणता भोई त्या बुडबुड्यावरूनच तिचा ठिकाणा ओळखतो. ती मांसाहारी आहे. बेडूक, लहान मासोळ्या हे तिचे खाणे. म्हणून रोहू-कटल्याला चालणारा कणकेचा गोळा तिच्या कामाचा नाही. तिला हलते, पळते आमिष हवे.

पूर्वापार यासाठी गळाला जिवंत बेडूक टोचत आले आहेत. पण बेडूक हा शेतकऱ्याचा बिनपगारी गडी आहे. तो पिकावरचे किडे खातो. बेडकांच्या तंगड्यांचा परदेशी व्यापार १९८७ साली बंद झाला, त्यामागे हाही विचार होता. तेव्हा बेडकाऐवजी बनावट आमिष वापरले, तर शेताचेही भले.

हे बनावट आमिष म्हणजे आपली फसवी मासोळी. दुकानदार त्याला ल्यूर म्हणतात. त्यातल्या एका जातीला तोंडापुढे पसरट जीभ असते. दोर ओढला की पाणी त्या जिभेवर आपटते, मासोळी खाली डोके घालते आणि डावी-उजवी डुलत पळते. हीच क्रँकबेट. जीभ आखूड आणि उभी असेल तर मासोळी वरच्या पाण्यात चालते. लांब आणि पुढे पसरलेली असेल तर खोल जाते. एवढे कळले तरी निम्मी खरेदी साधली. विद्रुपेच्या गुडघाभर पाण्यात खोल जाणारी मासोळी टाकली, तर ती तळातला गाळच नांगरणार!

या वस्तूंचा जन्म श्रीमंताच्या कारखान्यात झाला, असे समजू नका. फिनलंड देशात लाउरी रापाला नावाचा गरीब मच्छीमार होता. मोठा मासा दुबळ्या, लंगडत पोहणाऱ्या मासोळीवरच झडप घालतो, हे त्याने नावेत बसून पाहिले. १९३६ साली त्याने बुचाची मासोळी कोरली, चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद तिच्यावर चिकटवला आणि फोटोच्या जुन्या फिल्मा वितळवून तिला वरून लेप दिला. पुढे त्याच्या नावाचा धंदा जगभर पसरला. पण मुळात काय होते? एक सुरी, एक बूच आणि बारीक नजर.

आता खरेदी. म्हैस पाण्यात आणि वर मोल, अशी आपल्याकडे म्हण आहे. या खरेदीत नेमके तेच घडते. आताशा मोबाईलवरून मागवलेल्या पाकिटात वीस-वीस मासोळ्या स्वस्तात मिळतात. रंग असा की पाहणारा भुलावा. आमच्याकडचा एक म्हातारा भोई म्हणाला, “मास्तर, रंग मानसासाठी अस्ते. मासोयी त हालचाल पायते.” तेव्हा रंग बाजूला ठेवा आणि पुढील गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट तार. चांगल्या मासोळीत नाकापासून शेपटीपर्यंत एकच तार आरपार गेलेली असते. गळ तिलाच अडकवलेले असतात. मासा ओढतो तेव्हा ताण तारेवर येतो. हलक्या मालात छोटे स्क्रू नुसते प्लास्टिकमध्ये पिळलेले असतात. मोठी मरळ लागली की स्क्रू उपटतो आणि मासा गळासकट जातो. कडी बोटांनी पिळून पाहा. फिरली किंवा हलली तर वस्तू परत ठेवा.

दुसरी गोष्ट जीभ. ती अंगाबरोबर एकाच साच्यात ओतलेली असावी. डिंकाने चिकटवलेली जीभ दगडावर दोनदा आपटली की निखळते, आणि जीभ गेलेली मासोळी म्हणजे नुसता लाकडाचा तुकडा.

तिसरी गोष्ट सांधा. प्लास्टिकची मासोळी दोन फाका जोडून केलेली असते. घरी आणल्यावर कोमट पाण्यात बुडवून धरा. आतली हवा गरम होऊन फुगते, आणि सांधा कच्चा असेल तर तेथून बुडबुडे येतात. अशी मासोळी पाणी पिऊन बुडते. फट बारीक असेल तर कोरडी करून पाण्यात टिकणाऱ्या व्हार्निशचा हात द्यावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गळ, आपल्या वऱ्हाडी बोलीतला ‘गय’. त्याचे टोक अंगठ्याच्या नखावर हलके ओढा. नखात रुतले तर धार आहे. घसरले तर नाही. मग पकडीत धरून थोडा ताण द्या. चांगला गळ जरा लवतो आणि मूळ आकारावर येतो. कच्च्या पोलादाचा सरळ होतो, फाजील कडक असेल तर मोडतो. पुष्कळदा अंग बरे आणि गळ वाईट असा माल असतो. तेव्हा मासोळी साधी घ्या आणि गळ चांगले घेऊन बदला. यात पैसा सत्कारणी लागतो. गवताळ डोहात तीन काट्यांचा गळ काढून एकेरी लावावा. तो शेवाळात कमी अडकतो, आणि लहान मासा परत सोडताना त्याचे तोंडही कमी फाटते.

पाचवी गोष्ट तरंगण्याची. घमेल्यात पाणी घेऊन मासोळी सोडून पाहा. जी तरंगते, ती बाभळीच्या मुळीत अडकली तर दोर सैल सोडताच कित्येकदा आपोआप सुटून वर येते. बुडणारी मासोळी गेली की गेली. चालताना ती एका बाजूला झुकत असेल तर फेकून देऊ नका. डावीकडे जात असेल तर नाकाची कडी पकडीने किंचित उजवीकडे वाकवा; उजवीकडे जात असेल तर डावीकडे.

शिक्षक बंधुभगिनींनी येथे मुलांना एक हिशेब घालावा. समजा, एक मासोळी ६० रुपयांची. चौथ्या फेरीला तिची जीभ निघाली. म्हणजे एका फेरीला १५ रुपये पडले. दुसरी २४० रुपयांची. तिचे गळ बदलायला आणखी ६० रुपये लागले, पण ती ६० फेऱ्या चालली. म्हणजे फेरीला ५ रुपये. मग स्वस्त कोणती? शिवाय पहिलीने जो मोठा मासा घालवला, त्याची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही. मात्र याला दुसरी बाजूही आहे. डोहात खुंट आणि झुडपे दाटलेली असतील, तर भारी मासोळीही तिथेच अडकून राहणार. तेथे एकेरी गळ आणि काटा झाकणारा रबरी बेडूक हेच परवडते. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसा डोह पाहून गळ टाकावा.

ज्याच्या हातात कला आहे, त्याने मासोळी घरीच करावी. सावरीचे किंवा पांगाऱ्याचे लाकूड हलके असते. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची होतात ती यासाठीच. बोटभर लांब तुकडा कोरा, पोटाला उभी खाच पाडून न गंजणारी तार बसवा, जिभेला ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, वर व्हार्निशचे दोन-तीन हात द्या. पोटात वजन बसवायचे तर लोखंडी छर्रा चालेल. शिसे विषारी आहे. शिशाचा छर्रा दाताने दाबण्याची पुष्कळांना सवय असते. ती आजच सोडावी, आणि मुलांच्या हाती तर तो देऊच नये.

आता दोर. पूर्वी सुताच्या दोऱ्या आणि जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून कुजण्यापासून वाचवावी लागत. अमेरिकेत कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉन तयार केले आणि मच्छीमाराचे जगच पालटले. आपला तंगूस तो हाच. तो कुजत नाही, पण उन्हाने हळूहळू कमजोर होतो. म्हणून सावलीत ठेवावा. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच दुबळा होतो. मरळीला दात असतात. प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर दोर बोटांत धरून पाहावा. खरखरीत लागला तर तेवढा कापून टाकावा. मात्र तो तुकडा काठावर टाकू नये. न कुजणे हा त्याचा गुण, पण पाणकावळ्याच्या किंवा बगळ्याच्या पायात गुंतला की तोच त्याचा काळ होतो. घरी आल्यावर गळ पुसून त्यांना खोबरेल तेलाचे बोट लावावे. गंज हा सर्वांत मोठा चोर आहे.

शेवटची गोष्ट हत्याराची नव्हे, हत्यार चालवणाऱ्याची. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि खाली आईबाप पहारा देतात. अशा वेळी मासोळी टाकली तर मरळ हमखास झडप घालते. तिला भूक नसते; ती पिलांसाठी धावून येते. तिला उचलले की इतर मासे सगळा थवा फस्त करतात. एक मासा मिळाला आणि पुढच्या सालाचे शेकडो गेले. बियाणे दळून भाकरी करण्यासारखेच हे! ज्याचे पोटच या पाण्यावर आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते हौशी मंडळींना. तसेच काटेपूर्णेचे जंगल अभयारण्य आहे, आणि कित्येक जलाशयांवर मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. गळ खांद्यावर टाकण्यापूर्वी कोणाची परवानगी हवी, याची चौकशी करावी. दुसऱ्याच्या उभ्या शेतात आपण विळा घेऊन शिरत नाही. पाण्यालाही तोच न्याय लावावा.

म्हणून श्रोतेहो, पुढच्या आठवडी बाजारात फसवी मासोळी हातात घ्याल, तेव्हा तार, जीभ, सांधा, गळ आणि तरंगणे या पाच गोष्टी क्रमाने पाहा. शंका आली तर गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या भोयाला विचारा. त्याच्याजवळ पदवी नसेल, पण या विषयातला परीक्षक तोच आहे.