संबंधानंतरचा रक्तस्राव: आधी पाहा, मग ठरवा

पत्रिकेत विषय ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा मोघम छापला आहे. मला बोलायचं आहे ते शरीरसंबंधानंतर अंगावरून लाल जाण्याबद्दल. संयोजक जरा चाचरले, पण पुढच्या रांगा भरलेल्या दिसतात, तेव्हा हरकत नसावी.

ही तक्रार दवाखान्यात सरळ येत नाही. कंबर दुखते, पांढरं जातं, असं सांगून बाई उठते आणि दाराशी जाऊन म्हणते, “डॉक्टर, ‘त्या’नंतर डाग दिसतो.” सासू बरोबर असली तर तेही नाही.

बहुतेकींत कारण साधं निघतं. गर्भाशयमुखाच्या आतलं नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूला पसरलेलं असतं. तरुणपणी, गरोदरपणी, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे होतं. दिसायला लालभडक, हात लागला की रक्त. मग कागदावर ‘पिशवीच्या तोंडाला जखम’ असं लिहिलं जातं. ती जखम नव्हे. त्रास नसेल तर उपचारही लागत नाहीत. असेल तर कॅन्सर नाही याची खात्री करून ती जागा गोठवतात. पण ‘जखमे’ला घाबरून चांगली पिशवी काढलेल्या बायका आपल्याकडे थोड्या नाहीत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला तो उगाच नाही.

काहींना पॉलिप असतो. तो काढून तपासायला पाठवतात. क्लॅमिडिया किंवा गनोरिया हा संबंधातून लागणारा संसर्ग असेल तर औषध दोघांनी घ्यायचं. नवरे इथे हमखास पळ काढतात! पाळी गेलेल्यांना कोरडेपणामुळे रक्त येतं, त्यावर इस्ट्रोजेनचं मलम आहे. मात्र पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला, तरी सोनोग्राफीने गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहायला हवी. गरोदर असाल किंवा तासाला पॅड भिजत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

उरतो गर्भाशयमुखाचा कॅन्सर. थोड्यांनाच निघतो, पण त्याची पहिली खूण हीच असू शकते. म्हणून न तपासता लिहिलेल्या रक्त थांबवायच्या गोळ्यांवर माझा राग आहे. स्पेक्युलम घालून, उजेड पाडून आत पाहायला पाच मिनिटं पुरतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक ॲसिड, पातळ करून, कापसाने मुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं; संशयास्पद जागा पांढरी उठते. मग दुर्बिणीने पाहून तिथला तुकडा तपासायचा. आणि डोळ्यांना गाठ किंवा व्रण दिसत असेल, तर पॅप तपासणी ‘नॉर्मल’ आली तरी तुकडा घ्यायचाच.

आधीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा रुग्णालय यांनी ३० ते ५९ वर्षांच्या लाखाहून अधिक बायकांवर मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले: एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बायका खेड्यांतल्या होत्या, हे शहरातल्या भगिनींनी ध्यानात घ्यावं.

मुलींसाठी एचपीव्हीवर लस आहे, पुण्यातही बनते. ९ ते १४ या वयात दिलेली उत्तम. लस घेतली तरी पुढे तपासणी सुटत नाही.

आता प्रश्न. चिठ्ठ्या फिरवल्या आहेत. नाव घालू नका, वय आणि पाळी चालू आहे की गेली, एवढं लिहा.