हाताचे ज्ञान आणि हातांचा संहार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



श्रमिकांच्या इतिहासाची सुरुवात पुष्कळदा गिरणीच्या भोंग्यापासून केली जाते. त्यापूर्वीच्या हजारो वर्षांत माणसाच्या हातांनी जे ज्ञान साठवले, त्याला ‘आदिम कारागिरी’ असे नाव देऊन काचेच्या कपाटात ठेवले की विद्वान मोकळे होतात. शिकारीचा साधा लाकडी बाण ही अशीच एक वस्तू. तो बाण कोणी घडवला, त्या माणसाचे पुढे काय झाले आणि त्याचे ज्ञान कोणाच्या हाती गेले, हे तीन प्रश्न एकत्र विचारले म्हणजे कपाटातील वस्तू बोलू लागते.

२९ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी, थकलेला माणूस सापडला. याही जमातीतील तो अखेरचा ज्ञात मनुष्य होता. त्याने आपले नाव सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ अल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘ईशी’ म्हटले. याना भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’. सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवण्यात आले. तेथे तो महिना २५ डॉलरवर झाडलोटीचे काम करी आणि प्रेक्षकांसमोर बाणही घडवी. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी त्याचे काम पाहून बारकाईने लिहून ठेवले. त्या नोंदींमुळेच या कामातली बुद्धी आज समजू शकते.

ईशी हेझलच्या झुडपाच्या उंच, सरळ काड्या निवडी. साल काढून त्यांची जुडी बांधी आणि ती वाळू देई. वाळलेली काडी क्वचितच सरळ असते. तिचा बाक तो निखाऱ्यांजवळ धरून तापवी, पायाच्या अंगठ्याने किंवा हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी दाबून उलटा वळवी, आणि एक डोळा मिटून नजरेने रेषा जोखी. मग वालुकाश्माच्या खाचदार दोन तुकड्यांमध्ये घासून तो काडी गुळगुळीत करी. सुमारे २६ इंच लांब आणि इंचाच्या पाच-षोडशांश जाडीची ही काडी म्हणजे बाणाचे अर्धे काम. तिच्या पुढच्या टोकाला भोक पाडताना लाकूड फाटू नये म्हणून तो हरणाच्या कातड्याची पट्टी आवळून बांधी. त्या भोकात जड लाकडाचा सहा इंची अग्रभाग डिंकाने बसवी आणि सांध्यावर चावून मऊ केलेले कंडरेचे तंतू गुंडाळी. मोजमापासाठी फूटपट्टी नव्हती. छातीच्या हाडापासून पसरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीच्या टोकापर्यंत जे अंतर, तीच बाणाची लांबी.

इतकी मेहनत कशासाठी? दोरीचा धक्का बसताच बाण क्षणभर वाकतो आणि धनुष्याच्या दांड्याला बगल देऊन पुढे सरतो. काडी फार ताठ असली तर बाण एका अंगाला जातो, फार लवचीक असली तर दुसऱ्या अंगाला. म्हणून प्रत्येक काडी धनुष्याच्या ताकदीशी जुळली पाहिजे, आणि जुडीतल्या सगळ्या काड्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. घासणे, शेकणे, वळवणे हे वरवरचे सुशोभन नव्हते. बाणाची गती आणि दिशा त्यातच घडत होती.

पिसे लावण्यापूर्वी ईशी बाणाचा मागचा भाग रंगवी. रानात असताना हिंगुळाचा लाल, रानकांद्याचा हिरवा, माशाच्या डोळ्यातील काळा असे रंग झाडाच्या चिकात कालवलेले असत. संग्रहालयात त्याने कोरडे रंग लाखेच्या रोगणात मिसळले, कारण तेलरंगापेक्षा ते लवकर वाळत. या पट्ट्यांमुळे झाडोऱ्यात हरवलेला बाण दिसे आणि तो कोणाचा हेही कळे. पिसे गरुडाची, गिधाडाची, ससाण्याची. शहरात मिळाली ती टर्कीची. पिसाचा कणा टोकापासून उभा चिरायचा, आतला गर खरवडून काढायचा, तीन तीन पिसांचे गट लावायचे, आणि ओल्या तंतूंनी त्यांची दोन्ही टोके काडीवर आवळायची. तंतू वाळताना आकसतात आणि बांधणी आपोआप घट्ट होते. अखेरीस पिसांच्या कडा धारदार दगडाने सारख्या छाटायच्या.

पिसे हवेचा रोध करतात. बाणाचे शेपूट भरकटू लागले की तोच रोध ते पुन्हा रेषेत आणतो. पिसाला उपजत बाक असतो. एकाच बाजूच्या पंखातली तीन पिसे घेतली की बाण स्वतःभोवती फिरत जातो. पोप यांनी लिहिले आहे की हे फिरणे ईशीच्या ध्यानात आलेले दिसत नव्हते. तो फाळाची धार उभी ठेवी, जनावराच्या फासळ्यांमधून ती शिरावी म्हणून. त्याचा सिद्धांत अपुरा असेल. त्याचा बाण अपुरा नव्हता. हाताने केलेले संशोधन पुस्तकातल्या संशोधनाच्या पुष्कळ पुढे असू शकते.

आता दुसरा प्रश्न. हे ज्ञान जपणारे हात एकटेच का उरले? १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले. १८५१ मध्ये राज्याचे गव्हर्नर पीटर बर्नेट यांनी विधिमंडळापुढे उघडपणे सांगितले की, ‘इंडियन’ वंश नष्ट होईपर्यंत संहाराचे युद्ध चालूच राहील. सशस्त्र तुकड्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून भागवला गेला. इतिहासकार बेंजामिन मॅडली यांच्या मते १८४६ मध्ये सुमारे दीड लाख असलेली मूळनिवासींची संख्या १८७० पर्यंत सुमारे ३० हजारांवर आली. ही निसर्गाची करणी नव्हती. जमीन, पाणी आणि सोने यांवर खाजगी मालकी बसवण्याची ती पद्धत होती. याही लोकांच्या दऱ्यांत गुरे चरू लागली, हरणे पळाली आणि भुकेने गुराला हात लावणाऱ्याला गोळी मिळू लागली. १९०८ मध्ये जलविद्युत कंपनीचे मोजणीदार शेवटच्या चार जणांच्या लपलेल्या वस्तीवर पोचले आणि धनुष्ये, बाण, टोपल्या, पांघरुणे आठवण म्हणून उचलून घेऊन गेले. त्यांच्या लेखी ती स्मृतिचिन्हे होती, वस्तीच्या लेखी उद्याचे अन्न.

तिसरा प्रश्न अधिक अस्वस्थ करणारा आहे. पोप ईशीचे खरे मित्र होते, हे नाकारता येत नाही. ईशीकडून शिकलेली ही विद्या त्यांनी १९२३ च्या आपल्या पुस्तकातून पसरवली आणि अमेरिकेत धनुर्विद्येचा छंद फोफावला. १९२० मध्ये यलोस्टोन उद्यानात पोप व त्यांच्या साथीदारांनी संग्रहालयासाठी अस्वले मारली, १९२५ मध्ये ते आफ्रिकेत सिंहांवर गेले. भुकेल्याचा बाण सवड असलेल्याच्या खेळात आला आणि तेथे त्याला प्रतिष्ठा मिळाली. ज्या दऱ्यांत तो जन्मला, तेथे तो घडवणाऱ्याला उभे राहायलाही जागा उरली नव्हती.

२५ मार्च १९१६ रोजी ईशी क्षयाने वारला. पेटीत त्याच्यासोबत धनुष्य आणि पाच बाण ठेवले गेले. परंतु क्रोबर यांचा विरोध असतानाही शवविच्छेदन झाले आणि १९१७ मध्ये त्याचा मेंदू स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला गेला. मूळनिवासींच्या चिकाटीमुळे ऑगस्ट २००० मध्ये तो त्याच्या नातलग जमातींना परत मिळाला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी या संहाराबद्दल जाहीर माफी मागितली. माफी आली, बहुतेक जमीन आली नाही.

हे सारे दूर देशातले म्हणून सोडून देता येणार नाही. सातपुड्यातला, जव्हार-मोखाड्यातला, गडचिरोलीतला तीरकमठा प्रदर्शनांतून, बोधचिन्हांतून, पुढाऱ्यांच्या सत्कारांतून मिरवला जातो. त्याच तीरकमठ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुका आणि स्फोटकांबरोबर शस्त्रांच्या व्याख्येत बसवले. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही पारंपरिक शिकारीचा हक्क वगळला. वन्यप्राणी वाचले पाहिजेत, याविषयी वाद नाही. वाद आहे तो दुटप्पी न्यायाचा. सशाच्या मागे गेलेला आदिवासी गुन्हेगार ठरतो, आणि जंगलच्या जंगल खाणीला देण्याची वाट केंद्राच्या मंजुरीने १९८० च्या कायद्यातून मोकळी राहते.

पण २००६ च्या कायद्यातच एक दार उघडे आहे. जैविक व सांस्कृतिक विविधतेशी संबंधित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क त्याने मान्य केला आहे. बांबूला गौण वनोपज म्हणून मान्यता दिली आहे. कार्यकर्त्यांनी ग्रामसभांचे सामूहिक दावे तयार करताना ही कलमे विसरू नयेत. कोणती काडी, कोणता चीक, कोणते झाड कोठे वाढते, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नोंद त्यांच्या नावानिशी, त्यांच्या संमतीने आणि ग्रामसभेच्या दप्तरात झाली पाहिजे. ज्ञान जपायचे तर ते बाळगणाऱ्याला त्याच्या रानात राहू दिले पाहिजे. माणूस हुसकून द्यायचा आणि त्याचा बाण कपाटात ठेवायचा, याला संस्कृतिरक्षण म्हणत नाहीत. ती लुटीची शेवटची पायरी असते.