तुकोबांच्या पुलावरून

रविवारची उपासना. पेटीवर स्वर धरला जातो, 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातला गीतक्रमांक सांगितला जातो आणि टाळ-तबल्यावर जे सुरू होतं ते चक्क अभंगाच्या वळणाचं. महाराष्ट्रातल्या अनेक मराठी चर्चमधला हा ओळखीचा अनुभव.

सुरुवातीला मिशनऱ्यांनी विलायती चालींवर मराठी शब्द बसवले. ऱ्हस्व-दीर्घाची त्यात बरीच ओढाताण व्हायची. मग अहमदनगर भागात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची वाट धरली आणि येशूची कथा देशी चालींत रंगू लागली.

या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं. 1861 मध्ये कोकणातल्या करजगावी जन्मलेल्या या कवीने 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण ज्ञानोबा-तुकोबा काही सुटले नाहीत. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते सांगत. त्यांच्या ख्रिस्ताला 'माउली' म्हणून साद घातली जाते, ती उगाच नव्हे. त्यांची शेकडो पदं आजही गायली जातात. स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी काहींचे इंग्रजी अनुवाद केले आणि ते परदेशी चर्चच्या गीतसंग्रहांतही गेले.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्य मात्र 1919 मध्ये त्यांच्या निधनाने अर्धवट राहिलं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या त्याच लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरीही न चढलेल्या बाईंचं हे काम थक्क करणारंच!