दिल्लीहून सॅनफ्रान्सिस्को किती लांब?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा वकूब नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिघीचौघींनी विचारले, “अमेरिका किती लांब हो?” आणि मला धड सांगता आले नाही. म्हणून आज नातवाचा हा पृथ्वीचा गोल आणि हा दोरा घेऊन आले आहे. मागच्या भगिनींनी जरा पुढे सरकावे.

दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर, दुसरे सॅनफ्रान्सिस्कोवर. आता ताणते. पाहा, दोरा उत्तर ध्रुवाच्या जवळून गेला! हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. ध्रुवाकडची वाट काही कल्पनेतली नव्हे. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अग्रवाल व त्यांच्या सहकारी भगिनींनी सॅनफ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणले ते ध्रुवावरूनच.

मी मात्र २०१९ च्या जानेवारीत गेले ती पूर्वेकडून, पॅसिफिक महासागर ओलांडून. लेकीचे पहिलेच बाळंतपण. बाळ येण्यापूर्वी पोहोचेन असा शब्द दिलेला. एवढा वळसा पाहून माझा जीव खालीवर झाला. जावयांनी फोनवर समजावले. दहाबारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा मोठा लोट पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. आपल्या कृष्णेत पाण्याबरोबर सोडलेल्या होडीला वल्हे फारसे मारावे लागत नाही ना, तसेच हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचे विमान या वाटेने प्रथम गेले, तेव्हा १५,३०० किलोमीटरला साडेचौदा तास लागले. आधीची अटलांटिकवरची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, पण वारा तोंडावर. तिला दोनएक तास जास्तच लागत. आमच्या घरी हे कुणी मानायला तयार नव्हते!

हे झाले विमानाचे तास. माझे तास निराळे. सांगलीहून मोटारीने पुणे, तिथून विमानाने दिल्ली, दिल्लीला अर्धी रात्र बाकावर. आमच्या उंबरठ्यापासून लेकीच्या गावापर्यंत छत्तीस तास झाले.

घड्याळाची गंमत पुढेच आहे. हिवाळ्यात सॅनफ्रान्सिस्को आपल्यामागे साडेतेरा तास असते. मी १८ तारखेच्या पहाटे तीनला दिल्ली सोडली आणि १८ च्याच पहाटे साडेचारला उतरले. जावई एकटेच उभे होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाले, “मुलगा झाला. रात्री साडेअकराला.” म्हणजे तिथली १७ तारीख. मी निघाले १८ ला, बाळ जन्मले १७ ला, आणि तरीही मी निघाले तेव्हा ते जन्मले नव्हते! त्या वेळी इथे १८ ची दुपारचा एक वाजला होता आणि मी समुद्रावर कुठेतरी डुलक्या घेत होते.

वाऱ्याने साथ दिली, तरी पाच तास उशीर झालाच. इस्पितळात शिरताना लेकीला काय सांगावे, तेच मनात जुळवत होते. तिने डोळे उघडले, म्हणाली, “आई, आलीस? डिंकाचे लाडू आणलेस का?”