विद्यार्थ्यांचा आहार आणि रानचा मेवा

परीक्षेचे दिवस जवळ आले कीं विद्यार्थ्याच्या दिनक्रमांत पहिली काटछाट होते ती जेवणाची. सकाळ चहा-बिस्किटांवर भागते, दुपारीं एखादा वडा किंवा सामोसा पुरे होतो, आणि रात्रीं जागरणासाठीं पुन्हां चहा. पोट भरतें, म्हणून आहारहि पुरेसा झाला अशी समजूत होते. परंतु पोट भरणें आणि शरीराचें पोषण होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशा जेवणांतून जें गळतें, त्यांत अँटिऑक्सिडंट या नांवानें ओळखलीं जाणारीं द्रव्यें प्रमुख होत.

चिरून ठेवलेलें वांगें थोड्याच वेळांत काळें पडतें. शेंगदाण्याचें तेल फार दिवस उघडें राहिलें तर खवट होतें. दोन्ही ठिकाणीं करणी हवेंतील प्राणवायूची. अन्नापासून शक्ति मिळविण्यास शरीरासहि प्राणवायु लागतो, आणि त्या क्रियेंत कांहीं अस्थिर कण निर्माण होतात. ते पेशींच्या आवरणांतील स्निग्ध द्रव्यांवर आघात करतात, आणि एका ठिकाणीं सुरू झालेली हानि साखळीप्रमाणें पुढें सरकते. ही साखळी तोडणें हें अँटिऑक्सिडंटांचें कार्य. त्यांपैकीं कांहीं शरीर स्वतः तयार करतें. क आणि ई हीं जीवनसत्त्वें मात्र त्यास अन्नांतूनच मिळवावीं लागतात. मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें २ टक्के, पण शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें २० टक्के तो एकटा वापरतो. त्यास या संरक्षणाची गरज कां, हें यावरून ध्यानीं येईल.

या दृष्टीनें चंद्रपूर, म्हणजे पूर्वीचा चांदा, आणि १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, हे दोन अरण्यमय जिल्हे पाहण्यासारखे आहेत. तेथील खेड्यांत फळांचा वार्षिक क्रम रानच ठरवितें. थंडींत आवळे आणि बोरें. उन्हाळ्यांत चार आणि टेंभुर्णीचीं फळें. पावसाच्या तोंडावर जांभळें. पहिल्या सरींनंतर तरोट्याची कोवळी भाजी. जांभळाचा गर्द रंग ज्या द्रव्याचा, तें स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे. हिरव्या पाल्यांत कॅरोटीन असतें. आवळ्याची गोष्ट तर निराळीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम आवळ्यांत क जीवनसत्त्व सुमारें २५० मिलिग्रॅम असतें. कीर्तिमान संत्र्यांत त्याच्या पंचमांशाहूनहि कमी. प्रौढ माणसास दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम पुरतें. म्हणजे एक मोठा ताजा आवळा खाल्ला कीं काम झालें.

आणि तरीहि भामरागड, एटापल्ली, कोरची किंवा जिवती या तालुक्यांतून शिक्षणासाठीं गडचिरोलीस, चंद्रपुरास अथवा नागपुरास आलेल्या मुलामुलींच्या ताटांतून नेमके हेच पदार्थ नाहींसे होतात. रानचें खाणें मागासलेपणाचें वाटूं लागतें, आणि चकचकीत वेष्टनांतील बिस्कीट प्रतिष्ठेचें ठरतें. ही हानि केवळ चवीची नव्हे. डाळी व पालेभाज्या यांतील लोह रक्तांत शोषलें जाण्यास क जीवनसत्त्व साह्य करतें. जेवणालगत घेतलेला चहा त्यास अडथळा आणतो. शिकणाऱ्या मुलींत रक्तक्षय पुष्कळ आढळतो. पुस्तक उघडतांच येणारी ग्लानि, थोड्या श्रमानें लागणारी धाप, चित्त न ठरणें, यांस घरचीं माणसें आळस म्हणतात. कित्येकदां तो लोहाचा अभाव असतो.

मग गोळ्या घेऊन ही उणीव भरून काढावी काय? याचें उत्तर सावधपणें दिलें पाहिजे. फिनलंडांत २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक दीर्घ प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९४ सालीं प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण घटण्याऐवजीं १८ टक्क्यांनीं अधिक आढळलें. हा निष्कर्ष धूम्रपान करणाऱ्यांपुरता असला तरी त्यांतील बोध व्यापक आहे. फळांत आणि भाजींत हीं द्रव्यें इतर अनेक द्रव्यांच्या संगतींत, बेताच्या प्रमाणांत असतात; तीं वेगळीं काढून मोठ्या मात्रेनें दिलीं म्हणजे तोच गुण येईल असें नाहीं. रक्तक्षयावर वैद्यानें दिलेलें औषध ही गोष्ट अर्थात् वेगळी, तें घ्यावेंच.

आवळ्यानें परीक्षेंतील गुण वाढतात, असेंहि कोणी समजूं नये. अभ्यासाचें आणि झोपेचें काम कोणतेंहि फळ करीत नाहीं. पण जेवणांत एक आवळा, तो नसेल त्या ऋतूंत पेरू किंवा लिंबाची फोड, एक पालेभाजी, आणि चहा जेवणानंतर तासाभरानें, एवढें तर कितीहि व्यग्र विद्यार्थ्यास साधण्याजोगें आहे. भाजी आधीं धुऊन मग चिरावी व फार शिजवूं नये, कारण क जीवनसत्त्व पाण्यांत उतरतें आणि उष्णतेनें नासतें.

क जीवनसत्त्वाचा छडा लावणारे हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तें द्रव्य त्यांस विपुल सांपडलें तें दूरदेशच्या दुर्मिळ वनस्पतींत नव्हे, तर स्वतःच्या सेगेद गांवीं पिकणाऱ्या मिरचींत. वसतिगृहांच्या चालकांनींहि असेंच जवळ पाहावें. हिंवाळ्यांत आठवडी बाजारांत आवळ्यांच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बाया त्यांच्या दारापासून फार दूर नसतात.